आधी जमू द्या, गोडी मागून येते: गणितापासून लांब गेलेल्या मुलांसाठी शिक्षक-पालकांनी काय करावं

"सर, माले गणित जमत नही." खान्देशातल्या कुठल्याही शाळेत गणित शिकवणाऱ्याला हे वाक्य नवं नाही. त्यावर आपण बहुतेक जण समजावायला लागतो. गणित इंजिनिअरिंगला लागतं, पोलीस भरतीला लागतं, तलाठ्याच्या परीक्षेला लागतं. मूल मान डोलावतं आणि पुन्हा वहीत मान घालून बसतं. महत्त्व पटलं म्हणून गणित आवडायला लागलं, असं मूल मी तरी पाहिलेलं नाही. आवडायला लागतं ते जरा अवघड वाटलेलं गणित स्वतःच्या डोक्यानं सुटल्यावर. म्हणून भाषणाचा वेळ वाचवावा आणि तो मुलाला पहिलं यश मिळवून देण्यात घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाली लिहिलेलं पाचवी ते दहावीच्या वर्गांना धरून आहे. निदान पहिल्या दोन पायऱ्या दिलेल्या क्रमानंच घ्या. त्या गाळून थेट मैदानावर गेलात तर तास मजेत जाईल, पण वहीतलं गणित होतं तिथंच राहील.

पायरी १ : नेमकं कुठं अडलंय ते शोधा

आठवीतल्या मुलाला समीकरण सुटत नसेल, तर अडचण समीकरणात असतेच असं नाही. बऱ्याचदा ती चौथी-पाचवीत राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीत असते. ठिबकच्या नळीत तोंडाशीच कचरा अडकला असेल, तर शेवटच्या झाडाजवळचा ड्रिपर कितीही साफ करा, पाणी येत नाही.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाच छोटी उदाहरणं द्या. गुण द्यायचे नाहीत, आणि ते मुलांना आधीच सांगायचं.

४०३ − १७८ = ?
०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती?
१/२ + १/३ = ?
८ + ४ = □ + ५, चौकटीत कोणती संख्या?
(−३) − ५ = ?

इथं बरोबर उत्तरापेक्षा चुकीचं उत्तर जास्त माहिती देतं. पहिल्याचं उत्तर ३७५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. त्याला हातचा कळलेला नाही, म्हणजे मुळात स्थानिक किंमत कळलेली नाही. ०.४५ मोठी म्हणणारं मूल दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतंय. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिणाऱ्याला अपूर्णांक ही एक संख्या वाटत नाही, वर एक आणि खाली एक अशा दोन संख्या वाटतात. शेवटच्याचं उत्तर ८ आलं, तर 'वजा वजा अधिक' हे पाठ आहे, पण कुठं लावायचं ते माहीत नाही.

चौथं उदाहरण दिसायला सगळ्यांत सोपं आहे, पण माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचं तेच. सातवी-आठवीतलीही बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात. त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी सूचना. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, हे त्यांना कधी कुणी दाखवलेलंच नसतं. अशा मुलाला 'पदाची बाजू बदलली की चिन्ह बदलतं' शिकवून काही उपयोग नाही. आधी साधी तागडी आणा, दोन पारड्यांत खडे ठेवा, आणि ८ + ४ = ७ + ५ हे त्याला हातानं तोलू द्या.

उत्तरं तपासून झाली की प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून दोन मिनिटं एवढंच विचारा, "हे कसं काढलंस?" ओरडू नका, मध्येच दुरुस्त करू नका. मुलाची चूक बहुधा कुठल्या तरी नियमानं झालेली असते. तो नियम त्याच्याच तोंडून ऐकला की पुढचं काम निम्मं होतं.

पायरी २ : पहिलं यश ठरवून घडवा

अडलेली जागा कळली की रोज तासाची पहिली दहा-पंधरा मिनिटं तिच्यासाठी ठेवा. उदाहरणं चढत्या क्रमानं द्या, आणि पहिलं असं असावं की मुलाला ते शंभर टक्के जमेल. दुसऱ्यात एकच बदल करा, तिसऱ्यात आणखी एक. शेवटचं असं हवं, की पाहताक्षणी अवघड वाटेल पण आधीच्या चार-पाचांच्या बळावर सुटेल. ते सुटताना तुम्ही मदत करू नका. याच एका क्षणासाठी आधीची सगळी मांडणी आहे.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर गप्प राहा. आपल्याला शांतता सहन होत नाही. मग पुढच्या बाकावरचा नेहमीचा हात वर येतो, आपण त्यालाच विचारतो आणि बाकीचे तीस जण विचार करणं सोडून देतात.

शाबासकी देताना 'हुशार आहेस' म्हणण्यापेक्षा त्यानं काय केलं ते सांगा. 'आधी छेद सारखे करून घेतलेस, म्हणून सुटलं.' हुशार म्हटलेलं मूल पुढचं अवघड गणित टाळायला लागतं, कारण चुकलं तर हुशारी जाईल अशी त्याला भीती वाटते.

पायरी ३ : एक गुंठा जमीन मैदानावर आखा

आपल्याकडच्या मुलांना गुंठा आणि एकर हे शब्द तोंडपाठ असतात, पण गुंठा केवढा ते विचारलं तर हात हवेत फिरतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर, ४३,५६० चौरस फूट. हे फळ्यावर सांगू नका. सुतळी, चार खुंट्या, मोजपट्टी आणि फक्की घेऊन वर्ग मैदानावर न्या. मार्चनंतर आपल्याकडे ऊन सहन होत नाही, म्हणून हे काम पावसाची उघडीप पाहून किंवा थंडीत करा.

पहिली अडचण काटकोनाची येते. चारही बाजू ३३ फूट घेतल्या तरी आकार तिरका होतो, आणि मुलांना तो डोळ्यांनी दिसतो. तेव्हा सुतळीला गाठी मारून ९, १२ आणि १५ फूट बाजूंचा त्रिकोण ताणायला सांगा. गवंडी पाया आखताना ३-४-५ चं माप घेतात, तेच हे. ज्याचे वडील किंवा काका गवंडीकाम करतात असं एखादं मूल वर्गात असतंच, त्याला पुढे करा. त्या दिवशी वर्गाला पायथागोरस शिकवणारा तो असू द्या.

चौरस आखून झाला की विचारा, केळीची लागवड ५ बाय ५ फुटांवर केली तर या गुंठ्यात किती झाडं बसतील? "कितला झाडे लागतीन?"

वहीत मांडणारी मुलं १०८९ ला २५ नं भागतात. उत्तर येतं ४३.५६, म्हणजे ४३. काही मुलं मात्र थेट चौरसात उतरून पाच-पाच फुटांवर खडे ठेवतात. कडेच्या रेघेवर पहिला खडा ठेवला, तर एका ओळीत ०, ५, १० करत ३० फुटांपर्यंत ७ खडे बसतात. ७ ओळी, ४९ झाडं. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, बांधावर कोण झाड लावतं? चारही बाजूंनी अडीच फूट सोडायला हवेत. मग ओळीत ६ बसतात आणि झाडं होतात ३६.

एकाच प्रश्नाला ४९, ४३ आणि ३६ अशी तीन उत्तरं आली की वर्ग पेटतो. तो पेटू द्या. कुणाचं बरोबर ते लगेच सांगू नका. वाद थोडा शमला की पुढचा प्रश्न टाका: बांधापासून किती अंतर सोडेपर्यंत ओळीत ७ झाडं बसतात आणि कधी ६ वर येतात? ७ झाडांमध्ये ६ अंतरं, म्हणजे ३० फूट. उरले ३ फूट, दोन बाजूंना दीड-दीड. दीड फुटापर्यंत ७, त्याच्या पुढे ६. सहावीतल्या मुलीनं हे सुतळी धरून काढलं, तरी तिनं असमानता सोडवलेली असते, फक्त तिला तो शब्द माहीत नसतो.

नववीच्या वर्गाला आणखी एक पायरी पुढे न्या. चौरस आकाराच्या १ एकराची बाजू किती? ४३,५६० चं वर्गमूळ काढल्याशिवाय गत्यंतर नाही, ते येतं सुमारे २०८.७ फूट. आता भागाकार करून येणारी १७४२ झाडं आणि ओळी मोजून येणारी झाडं यांतला फरक गुंठ्यातल्यापेक्षा प्रमाणात कमी का झाला? कडेची जागा आणि आतली जागा एकाच वेगानं वाढत नाहीत, हे त्यामागचं कारण आहे. ते मुलांनी स्वतः शोधलं तर दोन तास गेले तरी मला खंत वाटत नाही.

मोजमाप मुलींच्या हातात द्या, हे मुद्दाम लिहितो. मैदानावर गेलं की सुतळी आणि खुंट्या मुलगे पळवतात आणि मुली वहीत लिहायला उरतात. गटाची रचना आधीच ठरवून घ्या.

पायरी ४ : घरातला आणि बाजारातला खरा हिशोब वर्गात आणा

'एका व्यापाऱ्याने काही वस्तू विकत घेतली' अशा उदाहरणात जीव नसतो. आपल्या भोवती मात्र जिवंत उदाहरणं पडलेली आहेत.

कापसाचं घ्या. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, एक गाठ १७० किलोची. कापसाला रुईचा उतारा ३४ टक्के धरला, तर एका गाठीसाठी किती कापूस लागेल? १७० भागिले ०.३४, बरोबर ५०० किलो, म्हणजे ५ क्विंटल. उतारा ३६ टक्क्यांवर गेला तर किती वाचेल? ज्याच्या घरात कापूस भरलेला आहे, त्या मुलाला टक्केवारी का शिकायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

जळगावच्या सोन्याचं नाव सगळीकडे आहे. आईच्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का असेल तर तो कुठून आला ते विचारा. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग शुद्ध सोनं. २२ ला २४ नं भागा, ०.९१६६... येतं. १८ कॅरेटला ७५० का, ते मुलं मग स्वतःच सांगतात.

गुणोत्तर-प्रमाणासाठी मला सगळ्यांत आवडतो तो कळणा. भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद किती-कितीचे घालतात, हे प्रत्येकानं घरून विचारून यायचं. घराघराचं प्रमाण वेगळं निघतं. फळ्यावर सगळी गुणोत्तरं मांडा आणि कुणाच्या कळण्यात उडीद सर्वांत जास्त ते ठरवा. ३:१ आणि ५:२ यांची तुलना करताना अपूर्णांक आपोआप पुढे येतात. (५:२ मध्ये उडीद जास्त, कारण २/७ हा १/४ पेक्षा मोठा.)

आणि एक हिशोब कुणालाही चुकू देऊ नका, तो व्याजाचा. बचत गटाचं कर्ज 'शेकडा दोन रुपये महिना' म्हणजे वर्षाला २४ टक्के. सावकार शेकडा पाच म्हणतो तेव्हा ते होतात वर्षाला ६० टक्के. दहा हजारांवर महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये, आणि मुद्दल तसंच. सातवी-आठवीतल्या मुलांनी हे मांडलं की वर्ग गप्प होतो. कारण तो आकडा कुणाच्या तरी घरचा असतो. म्हणून कुणाच्या घरचं कर्ज वर्गात विचारू नका, आकडे तुमचे घ्या. पण हे गणित शिकवाच. या भागातल्या मुलांना गणितानं द्यायचं संरक्षण ते हेच आहे.

पायरी ५ : शाब्दिक उदाहरण आधी मुलाच्या बोलीत

धुळ्या-जळगावच्या खेड्यांत घरी अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिलोरी. पुस्तकातलं प्रमाण मराठीतलं तीन ओळींचं उदाहरण वाचताना मूल भाषेतच दमतं, गणितापर्यंत पोचतच नाही. उदाहरण वाचून झालं की वही बंद करायला लावा आणि काय झालं ते घरच्या बोलीत सांगायला सांगा. कुणाजवळ काय होतं, किती गेलं, काय शोधायचंय. जे सांगता आलं, त्याचं चित्र काढायचं. चित्र झालं की मगच आकडेमोड. तुम्हाला ती बोली येत नसेल तर शेजारच्या मुलाला विचारा, ते आनंदानं सांगतात.

पायरी ६ : चुकीचं उत्तर फळ्यावर मानानं लिहा

रोज एक चुकलेलं उत्तर, नाव न घेता. प्रश्न एकच: हे उत्तर काढणाऱ्यानं काय विचार केला असेल? मुलं शोधतात, आणि शोधता शोधता स्वतःची चूकही त्यांना दिसते. ज्या वर्गात चुकल्यावर हसतात, तिथं मागचे बाक कायमचे मुके होतात. हसू थांबवणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि ते पहिल्या आठवड्यातच करावं लागतं.

पायरी ७ : पाढे

पाढे पाठ हवेत, यात मी तडजोड करत नाही. सात आठे छप्पन हे बोटं न मोजता आलं नाही, तर अवयव पाडताना मुलाचं सगळं लक्ष गुणाकारातच खर्च होतं. पण घड्याळ लावून उभं करणं आणि चुकला की बाहेर काढणं थांबवा. घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही. सात साते एकोणपन्नास येतं ना, मग त्यात आणखी एक सात मिळवून छप्पनवर जा, असं चालत जायला शिकवा. घरी आजोबा असतील तर त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे ऐकून यायला सांगा. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, धडाधड म्हणताना ऐकलं की नातवाच्या नजरेत घरातलं गणित एकदम मोठं होतं.

पायरी ८ : उपयोग सोडा, नवलही दाखवा

प्रत्येक गणित शेताला किंवा बाजाराला जोडायलाच हवं असं नाही. मुलांना कोडं आवडतं. आठवड्यातला एक तास त्यासाठी राखून ठेवा.

नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) शोधलेली गंमत कुठल्याही वर्गात चालते. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथं येऊन थांबते. हातच्याची वजाबाकी म्हटली की तोंड वाकडं करणारी मुलं इथं न सांगता पानभर वजाबाक्या करतात. आणि हा शोध आपल्यासारख्याच एका शाळामास्तरानं लावला, हेही त्यांना जरूर सांगा.

सहल काढायची तर चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीला न्या. तिथल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लेख संस्कृतात आहे, पण त्यातला दानाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यात सांगितलंय. आपल्या खान्देशातल्या बाजाराच्या पैशावर कधीकाळी गणित शिकवलं जात होतं! मुलांना हे तिथं उभं करून सांगा.

जाण्याआधी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं भुंग्यांचं गणित वर्गात सोडवून घ्या. थव्यातले १/५ भुंगे कदंबावर गेले, १/३ शिलीन्ध्राच्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजाच्या फुलांकडे, आणि एक हवेतच घिरट्या घालत राहिला. एकूण किती? सहावीची मुलं पंधरा चौकोनांची पट्टी काढून ३, ५ आणि ६ रंगवतात, एक उरतो. आठवीची मुलं समीकरण मांडतात. उत्तर दोघांचंही १५.

पायरी ९ : घरच्यांशी बोलणं, आणि सुटलेले दिवस

पालकसभेत एक विनंती कराच. 'आमच्या घरात कुणालाच गणित येत नव्हतं, याला कुठून येणार' हे मुलासमोर म्हणू नका. जी माय बचत गटाचं रजिस्टर चोख ठेवते, जो बाप काट्यावर पावती होण्याआधी तोंडी हिशोब करतो, त्यांच्या घरात गणित आहेच. अभ्यास घेता येत नसेल तर रोज फक्त एवढं म्हणा, "आज जे गणित सुटलं ते मला समजावून सांग." समजावून सांगताना मुलाचंच पक्कं होतं.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं आठवडा-आठवडा शाळेत नसतात, ऊसतोडीला गेलेल्या घरांतली तर महिनोन्महिने. इतिहासाचा एखादा धडा बुडाला तर पुढचा कळतो, गणिताचं तसं नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणासाठी एक कागद तयार ठेवा. त्यावर या प्रकरणातल्या ज्या दोन-तीन गोष्टींवाचून पुढे अडतं त्या, प्रत्येकीचं एक सोडवलेलं उदाहरण आणि चार सोपी उदाहरणं. मूल परत आलं की 'कुठं होतास' विचारण्याआधी हा कागद द्या, आणि ते प्रकरण नुकतंच समजलेला जोडीदार शेजारी बसवा. वर्गातला पहिला नंबर नको, कारण नुकतंच समजलेल्याला आपण कुठं अडलो होतो ते आठवत असतं. पहिल्या आठवड्यात त्या मुलाला चाचणीला बसवू नका आणि फळ्याजवळ बोलावू नका.

दहावीत मागे पडलेल्या मुलासाठीही हेच, फक्त जास्त कडक निवड करून. गणित भाग १ आणि भाग २ चे लेखी गुण ४०-४०, अंतर्गत मूल्यमापनाचे २०. डिसेंबरात सगळा अभ्यासक्रम परत घ्यायच्या फंदात पडू नका. बीजगणितातून दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि अंकगणिती श्रेढी, भूमितीतून समरूपता आणि पायथागोरसचं प्रमेय, अशी मोजकी प्रकरणं घ्या आणि त्यांतली उदाहरणं मूल एकट्यानं पूर्ण सोडवेपर्यंत तिथंच थांबा. त्यातलं एक प्रकरण पूर्ण हातात आलं की बरीच मुलं आपण होऊन विचारतात, "सर, पुढलं कोणतं घेऊ?" तेव्हा पुढचं प्रकरण त्यांनाच निवडू द्या.